गोलीचे नी पॅड: हाताला मऊ लागले म्हणून घेऊ नका

तिसरी जोडी आहे ही माझी. आइस हॉकीत गोली, म्हणजे गोलकीपर, म्हणून गोलपुढे उभी राहायला लागल्यापासूनची नी पॅडची तिसरी जोडी. पहिली घेताना हातात धरून दाबून बघितली, काय मऊ आहे म्हटलं आणि घेतली, आणि पुढचे कितीतरी महिने गुडघ्याच्या आतल्या बाजूला जांभळा डाग घेऊन फिरले, तो पिवळा पडायला लागला की पुढची मॅच यायची आणि परत जांभळा. त्यावर चिडून दुसरी जोडी घेतली ती दगडासारखी कडक, मार लागला नाही पण गुडघा दुमडायचीच मारामारी. आता ही तिसरी एक अख्खा सीझन वापरून झालीये, म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव घेणार नाही कारण आधीच्या दोघांना शिव्या घालायच्यात, आणि तसंही तुम्हाला नावापेक्षा आत काय भरलंय ते कळणं जास्त कामाचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते, गोलीचे बाहेरून दिसतात ते मोठे लेग पॅड, आणि हे नी पॅड त्यांच्या आत, गुडघ्यावर बांधायचे. बटरफ्लायला खाली गेलो, म्हणजे दोन्ही गुडघे बर्फावर आणि नडग्या बाहेरच्या बाजूला पसरलेल्या, की लेग पॅड गोल फिरतो आणि त्याचा तोंडाकडचा भाग पकसमोर (पक म्हणजे स्टिकने मारायची रबरी चकती) येतो. तेव्हा गुडघ्याच्या वरच्या अंगाला एक फट राहते, लेग पॅडचं टोक संपतं तिथून पँटच्या फोमपर्यंत. तिथे पक घुसला तर मांडीचं काय होतं ते ज्याने खाल्लंय त्यालाच माहीत. पकचं वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे जवळपास क्रिकेटच्या सीझन बॉलएवढंच, फक्त हा कडक रबराचा आणि मोठ्या मॅचमध्ये वर गोठवून आणलेला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या आइस हॉकी लीगमधल्या झ्डेनो चारा या खेळाडूने २०१२ च्या ऑल स्टार स्पर्धेत तो ताशी १०८.८ मैलांनी मारला होता. आमच्यात कोणी चारा नाही, पण आमच्याकडचे जे काही मारतात ते मला पुरतं.

एनएचएलने २०१३-१४ च्या सीझनपासून लेग पॅडची गुडघ्यावरची उंची कमी केली, तेव्हापासून त्या फटीची काळजी नी पॅडवर जास्त आली. पण सगळे रिव्ह्यू पकबद्दलच बोलतात आणि खरा त्रास देतो तो पक नाहीच. पक त्या फटीत मॅचमध्ये एखाद वेळा लागतो, नाही तर लागतच नाही. खाली पडणं मात्र प्रत्येक शॉटला, वॉर्मअपला, उगाच दचकून, सगळं धरून एका संध्याकाळी शंभराच्या वर सहज जातं. आणि पडताना गुडघ्याची वाटी आपटत नाही, आपटतो तो आतला कंगोरा, लेग पॅडच्या आतल्या बाजूला तो जाड ठोकळा असतो ना, नी स्टॅक, त्यावर. दोन्ही गुडघ्यांचा आतला भाग, रोज तीच जागा.

आता पहिल्या जोडीकडे बघा. समोर वाटीवर भरपूर मऊ गादी, मांडीवर भरपूर गादी, आणि आतल्या बाजूला बोटभर पातळ पट्टी. ती जोडी टाकून द्यायच्या आधी मी ब्लेडने उसवून बघितली (घरच्यांनी विचारलं काय चाललंय, म्हटलं पोस्टमॉर्टेम). आत मेमरी फोम होता. एके काळी जो बोटाने दाबल्यावर हळूहळू वर यायचा तो आता आतल्या बाजूला पुठ्ठ्यासारखा चपटा झालेला, वर येतच नव्हता, आणि समोरचा मात्र जवळजवळ नवाकोरा, कारण तिथे कधी मार लागलाच नाही!

मेमरी फोमबद्दल थोडं रागानेच लिहितेय पण ऐका. हा फोम १९६६ मध्ये नासाच्या कामातून आला, विमानाच्या सीटसाठी. म्हणजे मुळात बसायची वस्तू. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो, म्हणूनच हातात धरला की इतका भारी वाटतो. थंडीत याच्या बरोबर उलट, कडक होतो. रिंकमध्ये बर्फाचा पृष्ठभाग साधारण उणे ५-६ अंश असतो, बॅग रात्रभर गाडीत राहिली असेल तर पॅड आधीच गारठलेले, पहिली दहा मिनिटं लाकडावर आपटल्यासारखं वाटतं. मग घामाने, उबेने मऊ होतो आणि आता इतका मऊ की दाब आला की तळाला जाऊन टेकतो, म्हणजे मध्ये फोम असून नसल्यासारखा. पटत नसेल तर जुन्या उशीतला तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी दाबून बघा. मी बघितलाय. पातळ थर अंगाला लागून, बाकीच्या थरांच्या वर असेल तर मेमरी फोम चांगलाच आहे हं, माझं भांडण त्याला एकट्याला सगळं काम देण्याशी आहे.

दुसऱ्या जोडीत याच्या उलट सगळा एचडी फोम, म्हणजे बंद पेशींचा घट्ट फोम, वर प्लॅस्टिकची टोपी. बंद पेशींचा म्हणजे त्यातले हवेचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे पाणी, घाम आत जात नाही आणि दबून दबून चपटाही लवकर होत नाही. ही केवढी सोय आहे हे जुन्या गोलींना विचारायला पाहिजे. १८९६ च्या स्टॅनली कपच्या, म्हणजे आइस हॉकीच्या मोठ्या चषकाच्या, मॅचमध्ये विनिपेग व्हिक्टोरियाज टीमचा गोली मेरिट चक्क क्रिकेटचे पॅड बांधून उभा राहिला होता, मग १९२४ च्या सुमारास हॅमिल्टनच्या केनेस्कीने चामड्याचे, आत भरण घातलेले रुंद पॅड शिवले, आणि पुढे कित्येक वर्षं तेच चाललं, जे मॅच संपेपर्यंत पाणी पिऊन जड व्हायचे. म्हणजे एचडी फोमला नावं ठेवायची नाहीत मला. पण तो एकसंध जाड तुकड्यात बसवला की गुडघ्याबरोबर वाकत नाही. माझ्या दुसऱ्या जोडीची वरची कड खाली बसले की मांडीत रुतायची आणि उठताना अख्खा पॅड बाहेरच्या बाजूला सरकायचा, मग आतली बाजू उघडी, मग पुन्हा तेच, डाग. इतकं सगळं प्लॅस्टिक घालून परत डाग, सांगा आता.

शिवाय एक गोष्ट मला उशिरा कळली. आतल्या बाजूला फोम जितका जाड तितकं चांगलं, असं नाहीये. नी स्टॅकची स्वतःची उंची असते, त्यावर जाड नी पॅड आला की गुडघा बर्फापासून आणखी वर उचलला जातो, पॅड हवा तसा फिरत नाही आणि कधी गुडघा स्टॅकवरून घसरून खालीच जातो. मी दोन महिने समजत होते की माझं तंत्र बिघडलंय. तंत्रही फार थोर नाही माझं, ते सोडा.

तिसरी जोडी. आतल्या बाजूला तीन थर आहेत आणि तिन्ही मिळून पहिलीच्या समोरच्या गादीपेक्षा पातळच. अंगाला लागून मऊ, उघड्या पेशींचा पातळ स्पंज, मध्ये एक तुकडा त्या डी३ओ, पोरॉन एक्सआरडी जातीच्या मटेरियलचा, आणि बाहेरून एचडी फोमचा पातळ पत्रा. मधल्याचं वैशिष्ट्य असं की हळू वाकवला तर लोळागोळा, जोरात आपटला तर त्या क्षणापुरता घट्ट होतो आणि धक्का पसरवतो, मग परत ढिला. गुडघ्याला नेमकं हेच पाहिजे ना, चालताना वाकायला हवं आणि पडताना वाचायला हवं. हेही थंडीत थोडं कडक होतं, जादू नाही ती, पण अंगाजवळ असल्याने आणि पातळ असल्याने वॉर्मअपमध्येच सैल होतं. वरचा एचडी पत्रा मार एका जागी न ठेवता आजूबाजूला वाटतो. नुसता मऊ थर असता तर तळाला टेकला असता, नुसता कडक असता तर टोचला असता. थरांचा क्रम महत्त्वाचा, नुसत्या फोमच्या नावांना भुलू नका. लेबलवर "प्रो लेव्हल" लिहिलेलं असतं, त्याला तर अर्थच नाही.

मांडीचा भाग वेगळा जोडलेला आहे, दोन तुकड्यांत, मध्ये लवचीक कापड, त्यामुळे खाली बसताना तो गुडघ्याबरोबर भांडत नाही. एकदा तिथे बऱ्यापैकी जोरात पक लागला, ठप्प आवाज आला, मला ढकलल्यासारखं वाटलं आणि संपलं. घरी येऊन बघितलं तर हलकं लाल. पास.

पट्ट्यांचं मात्र रडगाणं आहेच. गुडघ्याच्या वर एक आणि खाली पोटरीवर एक, दोन्ही रुंद इलास्टिक आणि वेल्क्रो. वरचा मस्त, आतून सिलिकॉनची रेघ आहे, सरकत नाही. खालचा आत्ताच ढिला पडलाय आणि वेल्क्रोची काटेरी बाजू स्वतःच्याच अस्तराला चिकटून त्याचे गोळे काढतेय. गुडघ्यामागच्या लवणीत पट्टा नाही हे खूप बरं केलंय, दुसऱ्या जोडीत तिथे निओप्रीनचं रबरी कापड होतं आणि घामाने असं घासलं होतं की आंघोळीला पाणी लागलं तरी चरचर व्हायची. साइज घेताना मोह आवरा, मोठा घेतला तर जास्त झाकतं असं वाटतं पण लेग पॅड फिरला की तो ढिला नी पॅड त्याच्याबरोबर फिरतो आणि वाचवायची जागा सोडून भलतीकडेच जातो. थोडा घट्टच बरा.

घ्यायच्या आधी काय करायचं तर स्वतःचे लेग पॅड घेऊन जा, दोन्ही एकत्र बांधा आणि नुसत्या फरशीवर वीसेक वेळा खाली जा. लोक बघतील, बघू देत. पहिल्या पाच वेळा सगळेच चांगले लागतात, पंधरानंतर फरक कळतो. आतल्या बाजूचा फोम चिमटीत धरून दाबा आणि दोन बोटं एकमेकांना जवळजवळ भेटली तर ठेवून द्या. समोरच्या वाटीवरच्या गादीकडे बघूच नका.

वाळवण्याबद्दल, कारण यातच माझी पहिली जोडी निम्मी मेली असणार. बॅगेत चेन लावून ठेवले की उघड्या पेशींचा स्पंज घाम धरून ठेवतो, वास तर येतोच पण थर चिकटवलेला गोंदही सुटायला लागतो. म्हणून घरी आल्या आल्या उलटे करून टांगायचे, पंख्याखाली. हीटरवर किंवा ड्रायरमध्ये नाही, गरम हवेने गोंद सुटतो आणि पातळ पत्र्याच्या कडा वर वळतात, मग त्याच कडा टोचतात.

तक्रारी अजून आहेत. हे पॅड गरम होतात, तीन थर म्हटल्यावर होणारच, मॅचच्या शेवटच्या पिरियडमध्ये गुडघे उकडल्यासारखे वाटतात. डावा-उजवा ओळखायला अक्षर एवढं बारीक शिवलंय की दोनदा उलटे बांधून बर्फावर गेले आणि उलटे बांधले की अर्थातच तो सगळा महागडा थर बाहेरच्या बाजूला आणि आतल्या कंगोऱ्यावर काहीच नाही, पहिल्याच बटरफ्लायला डोळ्यात पाणी. आता आतून मार्करने मोठ्ठं "डा" लिहून ठेवलंय. खालच्या पट्ट्याचं इलास्टिक बदलायला शिंप्याकडे द्यायचंय, फोम मात्र अजून दाबला की पूर्ण वर येतो.