तिरक्या जोडांची वेल्डिंग टेस्ट: गोव्यातल्या वेर्ण्याच्या लॅबचा अनुभव

शेडच्या ब्रेसिंगचे (तिरक्या आधारांचे) जोड होते, प्लेटांमधला कोन ४५ अंशांच्या आत. कन्सल्टंटला एडब्ल्यूएस डी१.१ (स्टील वेल्डिंगची अमेरिकन नियमावली) हवं, आणि आपलं आयएस २०६२ (भारतीय मानकाचं) स्टील त्याच्या प्रीक्वालिफाइड, म्हणजे टेस्टशिवाय चालणाऱ्या, यादीत नाही. म्हणजे डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं याचा लेखी तपशील) टेस्ट करून पास करून घेणं आलं.

लॅबवाल्यांनी आधी ड्रॉइंग मागितलं, मग दर सांगितला. इथेच मला बरं वाटलं. साध्या काटकोनी टी-जोडावर भागवून कागद हातात ठेवणारेही भेटतात. यांनी खऱ्या कोनातच नमुना मारायला लावला. कापून, पॉलिश करून नायटल (वेल्ड उठून दिसावा म्हणून लावायचं आम्लाचं द्रावण) फिरवल्यावर दिसलं: अरुंद कोपऱ्याच्या मुळाशी धातू पोचलेलाच नव्हता. ३० ते ४५ अंशांत रॉड वेल्डिंगला ६ मिमी झेड-लॉस (मुळाशी धातू न पोचल्यामुळे वेल्डच्या मापातून वजा करायची जाडी) का धरतात, ते आमच्या वेल्डरला तेव्हा पटलं. माझं कोण ऐकतो!

लॅबवाले ७०१८ रॉड (ओल धरू नये असे वेल्डिंगचे रॉड) गरम ओव्हनमधूनच काढून देतात. गोव्याच्या पावसात हे सोडून चालणारच नाही.

रिपोर्ट मात्र उशिरा मिळाला. चतुर्थीच्या आसपास तर फोनही उचलत नाहीत. दर जरा चढा. तिरके जोड असतील तर जा. साध्या काटकोनी फिलेटसाठी (कोपऱ्यातल्या वेल्डसाठी) इतका खर्च कशाला?