जुनी एस २००० घ्यावी की जुनी आर ५? आमचा अनुभव सांगतो

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला हेच विचारलं, की फोर व्हील ड्राइव्ह रॅली कार सेकंडहँड घ्यायची आहे, बजेट ताणून ताणून इथवर आणलंय, तर एस २००० घेऊ का आर ५. हे दोन्ही रॅली कारचे नियमवर्ग आहेत, कुठल्या एका कंपनीची मॉडेलं नाहीत. आम्ही तीन मित्र इंग्लंडमध्ये नोकऱ्या सांभाळून वीकेंडला रॅली करतो आणि आमचीही याच प्रश्नावर गाडी अडली होती, एक अख्खा सीझन भाड्याच्या एस २००० वर काढला आणि नंतर तिघांनी पैसे घालून आर ५ घेतली. मी नेव्हिगेटरच्या सीटवर असतो, पुढच्या वळणांच्या नोट्स वाचतो, त्यामुळे पुढचं सगळं कानांनी ऐकलेलं आणि खिशातून गेलेलं आहे, डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, मोजलेलं नाही.

दोन्ही गाड्यांचे इंजिनचे नियम खर्च कमी करायलाच आले होते, आणि खरी गंमत इथेच आहे. एस २००० मध्ये सरळ टर्बोच, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखाच, काढून टाकला. दोन लिटर, नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, ८५०० आरपीएमची मर्यादा. टर्बो नाही म्हणजे अँटी-लॅगची, म्हणजे पाय सोडला तरी टर्बो फिरता ठेवायची, भानगड नाही, त्या उष्णतेने जळणारे पार्ट नाहीत, ऐकायला एकदम पटतं. आणि गाड्या कमी नव्हत्या हं. फिनलंडच्या हिर्वोनेनने २०१० ची माँटे कार्लो रॅली फोर्डच्या फिएस्टा एस २००० च्या पहिल्याच रॅलीत जिंकली, स्कोडाच्या फाबिया एस २००० ने २०१०, ११, १२ अशी सलग तीन वर्षं आयआरसीचं, म्हणजे इंटरकॉन्टिनेंटल रॅली चॅलेंजचं, टायटल नेलं. पण टर्बो नाही म्हटल्यावर ताकद आणायची कुठून? इंजिन फिरवूनच आणायची. म्हणजे व्हॉल्व्ह स्प्रिंग, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग सगळं हलकं, भारी आणि महाग, आणि ते सतत वरच्या आरपीएमला झिजत राहणार. दारातून काढलेला खर्च खिडकीतून परत आत आला असं माझं स्पष्ट मत आहे.

आर ५ चा नियम २०१३ मध्ये आला तो उलट्या बाजूने. टर्बो ठेवला, इंजिन १.६ चं, पण टर्बोच्या तोंडाशी ३२ मिलिमीटरचं रिस्ट्रिक्टर. आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा जरासंच मोठं भोक, इंजिनची सगळी हवा त्यातूनच जायची. एका मर्यादेनंतर त्या गळ्यात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचतो आणि मग कितीही ओढा, जास्त हवा जातच नाही. हवा नाही तर ताकद नाही, मग इंजिन नऊ हजाराला नेऊन करायचंय काय? कंपनीने आत कितीही महागडे हलके पार्ट घातले तरी वर फारसं काही मिळत नाही, म्हणून ती शर्यतच थंड पडते. वरून गाडीच्या किमतीला १ लाख ८० हजार युरोची मर्यादा घातली होती. मला हा नियम जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण तो खर्च करू नका असं नुसतं सांगत नाही, खर्च करण्यातला फायदाच काढून घेतो.

आता ज्या एका गोष्टीने आमचं ठरलं ती सांगतो. वेल्समधलं जंगल, ऑक्टोबर, पहाटेपासून पाऊस, खाली सगळा राडा. चढाचा हेअरपिन लेफ्ट, म्हणजे डावीकडे जवळपास उलटं फिरणारं वळण, मी नोट वेळेवर दिली, पण ड्रायव्हरला आत जाताना किंचित उशीर झाला, गाडी रुंद गेली आणि वेग पडला. बास, एवढंच. पण एस २००० मध्ये आरपीएम एकदा पडले की खाली काहीच पिकअप नाही, टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढायचा जोर, कसाबसा अडीचशे न्यूटन मीटर आणि तोही पार वर. इंजिन घुसमटल्यासारखं भॉंऽऽ करत राहिलं, मग पहिला गिअर, हाफ क्लच, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन किंचाळेपर्यंत फिरवलं तेव्हा कुठे गाडी चढावरून हलली. असं त्या एका स्टेजमध्ये, म्हणजे घड्याळ लावून पळवायच्या एका टप्प्यात, चार वेळा झालं. प्रत्येक चूक दोनदा महागात पडायची, एकदा घड्याळात आणि एकदा इंजिनच्या आयुष्यात. सर्व्हिसला आलो की आमच्यात पहिलं बोलणं टाइमचं नाही, तर इंजिनचे किती किलोमीटर उरले याचं. सीझनच्या मध्येच इंजिन उतरवून खोलावं लागलं, बेअरिंगच्या पट्ट्या हातात घेतल्या तर वरचा करडा थर जाऊन खाली तांबूस दिसत होतं. मेकॅनिक म्हणाला, अजून एक रॅली गेली असती तर क्रँक पण गेला असता. भाड्याची गाडी असूनही ते बिल करारानुसार आमच्याच गळ्यात.

पुढच्या वर्षी आर ५ घेऊन तसल्याच चिखलात गेलो, ड्रायव्हर तोच, चुका पण साधारण त्याच. पण इथे टॉर्क चारशेच्या वर आणि तो पाच हजाराच्या आतच मिळतो, गाडी रुंद गेली तरी दुसऱ्या गिअरमध्येच अशी उचलते की मी पुढची नोट वाचायला लागलेला असतो. इंजिनवर राग काढावा लागत नाही. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

आर ५ मध्ये सगळं गोड आहे असं नाही. आवाजात एस २००० ला तोड नाही, जंगलात दोन किलोमीटरवरून कळायचं कोण येतंय, आर ५ नुसती फटफट करते. शिवाय टर्बोला सील असतं, काही झालं तर स्क्रुटिनियरला, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलवा, सील तोडा, नवीन लावा, नंबर लिहा. कंटाळा येतो, पण ते का आहे हेही माहीत पाहिजे. १९९५ मध्ये टोयोटाच्या सेलिकात रिस्ट्रिक्टरला बगल देऊन हवा आत घेण्याची करामत सापडली, पॉइंट गेले आणि वर्षभराची बंदी आली. सगळा नियम त्या एका भोकावर उभा आहे, म्हणून सील पाहिजेच.

आपल्या गौरव गिलने एपीआरसी, म्हणजे आशिया-पॅसिफिक रॅली चॅम्पियनशिप, २०१३ मध्ये फाबिया एस २००० वर जिंकली आणि २०१६, २०१७ ला फाबिया आर ५ वर. म्हणजे हात असेल तर दोन्ही गाड्या चालतात, मान्य. पण आपण वीकेंडवाले, आपल्या चुका जास्त आणि चुका माफ करणारं इंजिन आपल्याला स्वस्त पडतं. वरच्या क्लासला, म्हणजे वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपच्या सगळ्यात वरच्या गाड्यांनाही, बहुतेक हेच पटलेलं दिसतंय. २०२२ ला आणलेली हायब्रिड २०२५ ला काढली, रिस्ट्रिक्टर ३६ वरून ३५ मिलिमीटर केलं, आणि २०२७ च्या नियमांत रॅली २ चं, म्हणजे आपल्या आर ५ च्याच वंशाचं इंजिन आणि गाडीला ३ लाख ४५ हजार युरोची मर्यादा ठरवलीय.

तरी तुमच्या रॅली नुसत्या डांबरावर असतील, रस्ता वाहता असेल, हेअरपिन कमी असतील आणि एस २००० खरंच पडत्या भावात मिळत असेल, तर मी नाही म्हणणार नाही, फक्त घ्यायच्या आधी पार्ट कोण देतं ते नक्की विचारा.

बघायला जाल तेव्हा एस २००० असेल तर आधी इंजिनची वही मागा, कधी खोललं आणि त्यानंतर किती स्टेज किलोमीटर झाले, वही नसेल तर चहा पिऊन परत या. आर ५ असेल तर टॉर्च घेऊन टर्बोजवळ वाका आणि सीलवरचा नंबर कागदाशी जुळवा, आम्ही बघितलेल्या पहिल्या गाडीचा जुळला नव्हता.