घरच्या गाठी: पाकाच्या की दूध पावडरच्या?

पाडव्याला गाठी घरीच करायच्या असं ठरलं की पुढचा प्रश्न हा. दोन्ही प्रकार मी आलटून पालटून केलेत आणि दोन्ही आमच्या गुढीवर चढलेत. व्हाइट चॉकलेट वितळवून साच्यात ओतायचा तिसरा प्रकारही हल्ली दिसतो, पण चैत्रातल्या उन्हात टांगायची वस्तू चॉकलेटची का करावी हे मला कळलेलं नाही. तो सोडून देतो.

करायला सोपी कुठली, तर दूध पावडरची. एकतारी पाकात पावडर, चमचाभर तूप, मंद आचेवर ढवळत राहायचं, कडेने सुटायला लागलं की साच्यात. बर्फीच ती. मिश्रण कोरडं पडलं तर दुधाचा हबका मारून मऊ करता येतं, साच्यात दाबून बसवायला वेळ मिळतो, आणि उकळता पाक ओतायचा नसल्याने पोरांनाही हाताशी घेता येतं. चवीत तर हीच पुढे. आमच्याकडे साच्यातून निघालेल्या सगळ्या गाठी गुढीपर्यंत पोचतातच असं नाही.

पाकाच्या गाठीला मात्र उभं राहावं लागतं. वाटीभर साखरेला पाव वाटीहून जरा जास्त पाणी, मळी वर यावी म्हणून चमचाभर दूध, मळी काढून टाकली की पाण्यातल्या थेंबाची घट्ट गोळी वळेपर्यंत पाक. थर्मामीटर असेल तर 120 अंशांच्या आसपास. मग गॅस बंद करून घोटायचं. पाक आधी धुरकट होतो, मग दुधाळ, आणि तेव्हा ओतला नाही तर पातेल्यातच बसतो. बसला तर फार वाईट वाटून घेऊ नये. थोडं पाणी घालून पुन्हा उकळायचा, साखर कुठे जात नाही. ओतायच्या आधी जाड सुती दोरा साच्यांवरून आडवा टाकून ठेवायचा. नायलॉनचा नको, तो निसटतो. लाकडी कोरीव साचे घरात कुणाकडे असतात? अप्पेपात्र किंवा तूप लावलेल्या छोट्या वाट्या चालतात. तुपाचा हात मात्र अगदी पुसट हवा.

पाक पातेल्यात बसू नये म्हणून बरेच जण लिंबू पिळतात. दोन-चार थेंब ठीक. जास्त झालं तर आंबटामुळे साखर फुटते, पाक रवा धरत नाही, म्हणजे त्यात साखरेचे बारीक कण जमत नाहीत, आणि गाठी दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटते. गाठीचा पांढरा रंग म्हणजे तो बारीक रवाच, तो तर यायलाच हवा. म्हणून मी लिंबाच्या वाटेला जात नाही. घोटताना चिमूटभर पिठीसाखर टाकतो, रवा लवकर आणि सारखा धरतो. तरीही विकतच्या गाठीचा शुभ्रपणा घरी येत नाही, किंचित पिवळसर झाक राहते. मला ती खटकत नाही, तुम्हाला खटकली तर केशर घालून ती मुद्दामच पिवळी करा.

इथवर वाचून कुणीही दूध पावडरच घेईल. मीही घेतली असती, पण गाठी ताटात ठेवायची वस्तू नाही. ती कापडावर लोंबते. गुढीला आपण घरातलं जुनेर नेसवत नाही. रेशमी, जरीचं, बहुतेक वेळा कुणाच्या तरी कपाटातून मागून आणलेलं वस्त्र असतं. दूध पावडरच्या गाठीत तूप असतं, पावडरीचा स्वतःचा स्नेह असतो, साच्याचं तूप असतं. सकाळी बांधताना ती कोरडी लागते. ऊन चढलं की तिला घाम फुटतो आणि जिथे ती टेकते तिथे रेशमावर तुपकट गोल उमटतो. आमच्याकडे तो आईच्या मोरपिशी साडीच्या पदरावर उमटला. टाल्कम पावडर झाली, ड्रायक्लीन झालं, तिरक्या उजेडात अजून दिसतो. आई काही बोलत नाही, पुढच्या पाडव्याला तिने दुसरी साडी काढून दिली एवढंच.

मी उपाय केले. मिश्रणात तूपच घातलं नाही, तर गाठी साच्याला धरून बसली. मागे कडुलिंबाची डहाळी आडवी घातली, ती वाऱ्याने सरकली. बटर पेपरचे तुकडे लावले, तर बायकोने एकदा वर पाहिलं आणि म्हणाली, "गुढीला लेबलं कशाला लावलीयत?" तुकडे निघाले. आणि संध्याकाळी गुढी उतरल्यावर तीच गाठी पोराच्या गळ्यात पडते, नव्या कुर्त्यावर.

पाकाच्या गाठीला हा त्रास नाही. साच्यातून काढून कोरड्या फडक्याने पुसली आणि रात्रभर ताटात पसरून ठेवली की ती खडखडीत होते. मुंबईत, कोकणात हवा दमट असली तर तिलाही थोडा ओलावा सुटतो, हे खरं. पण तो साखरेचा. ओल्या फडक्याने निघतो. मुंग्या दोन्हींना लागतात, तिथे कुणाचीच बाजू घेता येत नाही.

दोऱ्याचंही सांगायला हवं. दूध पावडरची गाठी दुपारी मऊ पडली की दोरा तिला कापत वर येतो आणि पदक खाली पडतं. पाकाचं पदक वजनाने जड असलं तरी दोरा धरून ठेवतं. उरलेल्या पाकाच्या गाठी डब्यात महिनाभर सहज राहतात, आणि चैत्रात घरोघरी पन्हं असतंच, खलबत्त्यात कुटून त्यात घालता येतात. दूध पावडरच्या दोन-तीन दिवसांत संपवाव्या लागतात; त्या संपतातही म्हणा.

गुढीला सुती खण नेसवत असाल, किंवा घरात कठीण खाऊ न चालणारे दात असतील, तर दूध पावडरची करायला माझी काही हरकत नाही. खाण्यापुरत्या वेगळ्या करून वाटीत ठेवाव्यात, हा मधला मार्गही आम्ही काढलाय. टांगायच्या मात्र पाकाच्याच करतो, आदल्या संध्याकाळी, आणि एका वेळी वाटीभर साखरेच्याच. जास्त पाक घेतला तर निम्मे साचे भरेपर्यंत उरलेला पातेल्यात बसतो.