सीएआर पॉलिसीचा दीड वर्षाचा अनुभव : उलव्यातील एका साईटवरून

उलव्यात तळघरासह सात मजल्यांचे काम घेतले तेव्हा मालकाच्या करारातच अट होती, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये मी पहिल्यांदा कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, म्हणजे सीएआर पॉलिसी, अर्थात चालू बांधकामाच्या नुकसानीचा ठेकेदाराचा विमा, काढली. तोवर माझी मजल कामगारांच्या विम्यापलीकडे गेली नव्हती. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या अटींवर मी अडलो त्या बहुतेक कंपन्यांच्या मजकुरात थोड्याफार फरकाने आढळतात.

जुलैच्या पावसात खाडीलगतच्या चिकणमातीचा एक कडा खचला आणि तळघराच्या भिंतीचे शटरिंग, बांधून झालेली सळई व काही साहित्य पाण्याखाली गेले. मी त्याच दिवशी ईमेलने कळवले आणि पंप लावण्यापूर्वी साईट इंजिनिअरला सगळ्या बाजूंनी फोटो काढायला लावले, हे पुढे फार उपयोगी पडले. नुकसान मोजायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेयरने रोजची साईट डायरी, सळईची चलने, मोजमापाच्या नोंदी आणि हवामान खात्याची पावसाची आकडेवारी मागितली. आमची डायरी मुकादमाच्या हस्ताक्षरातली आणि मधले चार दिवस कोरे असलेली होती, त्यामुळे त्या चार दिवसांच्या कामाचा हिशेब चलनांवरून जुळवण्यात जवळजवळ महिना गेला.

नुकसान ९ लाखांचे मान्य झाले, पण हातात आले ६ लाख २० हजार. कारण असे की मी विम्याची रक्कम माझ्या करारमूल्याएवढी, म्हणजे ६ कोटी धरली होती. मालकाने स्वतः पुरवलेले सिमेंट आणि सळई, साधारण दीड कोटींची, त्यात धरायला हवी होती, हे मला ना एजंटने सांगितले ना मी विचारले. प्रत्यक्षात साडेसात कोटींच्या कामाचा विमा ६ कोटींचा निघाल्याने अपुऱ्या विम्याच्या नियमाने दावा ८० टक्क्यांवर आला, म्हणजे ७ लाख २० हजार, आणि त्यातून नैसर्गिक आपत्तीचा १ लाखाचा एक्सेस, म्हणजे दाव्यातला आपणच सोसायचा भाग, वजा झाला. पाणी उपसण्याचा खर्च तर मोजणीतच घेतला नाही. हिशेब चोख होता, म्हणून कंपनीशी भांडण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. चूक प्रस्ताव भरतानाच झाली होती.

दुसरा दावा शेजारच्या सोसायटीचा. खोदकामानंतर तिच्या कुंपणाच्या भिंतीला आणि एका पॅसेजला भेगा पडल्या. पॉलिसीत त्रयस्थाच्या नुकसानीचा भाग होता, तरी कंपन किंवा शेजारच्या जमिनीचा आधार काढून घेतल्यामुळे होणारे नुकसान त्यातून वगळलेले होते, आणि ते जास्तीचा हप्ता भरून स्वतंत्र कलमाने जोडून घ्यावे लागते. ‘ऑल रिस्क’ या नावावर मी तरी पुन्हा विसंबणार नाही. खोदकामाआधी शेजारच्या इमारतींचे फोटोसह सर्वेक्षण केले असते, तर निदान कोणत्या भेगा जुन्या होत्या हे तरी दाखवता आले असते.

कामगारांच्या बाबतीत मात्र समाधान आहे. सीएआरमध्ये स्वतःच्या कामगारांची इजा धरली जात नाही, म्हणून १९२३ च्या भरपाई कायद्याखालची वेगळी पॉलिसी मी चालू ठेवली होती आणि सेंट्रिंगच्या पोटठेकेदाराची माणसेही, त्याचा चेहरा पडला तरी, आग्रहाने तीत घातली होती. पोटठेकेदाराच्या माणसांना भरपाई देण्याची जबाबदारी तेव्हा लागू असलेल्या या कायद्याने मुख्य ठेकेदारावरही येत होती, आणि रक्कम लहान नव्हती : २०२४ मध्ये महिना १५,००० रुपये वेतनमर्यादेवर तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होत होती. आमच्याकडे एका सुताराच्या पायाचे हाड मोडले, तेव्हा वैद्यकीय खर्चाचे जोडकलम घेतलेले असल्याने रुग्णालयाचे बरेचसे बिल सुटले.

द्रोणागिरीच्या नव्या कामासाठी याच कंपनीकडून पुन्हा पॉलिसी घेतली आहे, या वेळी मालकाचे साहित्य धरून आणि कंपनाचे कलम जोडून; हप्ता बराच वाढला. उलव्याच्या सोसायटीच्या वकिलाची नोटीस मात्र जुन्याच पॉलिसीच्या काळातली असल्याने तिचे उत्तर मलाच, माझ्या खर्चाने, द्यायचे आहे.