तांब्याची लाइन सडली म्हणून सांगितलं आणि चांगलं तांबं उचलून नेलं

गंगापूर रोडच्या आमच्या जुन्या सोसायटीत गच्चीवरच्या सोलरपासून बाथरूमपर्यंत गरम पाण्याची लाइन तांब्याची होती. ‘होती’ म्हणावं लागतंय, याचाच संताप आहे. नाशिकमध्ये ज्यांच्या इमारतीत अशी लाइन आहे, त्यांनी हे जरूर वाचा.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटची भिंत ओली व्हायला लागली, म्हणून लीकेज तपासणारे दोघे बोलावले. त्यांनी भिंतीला मॉइश्चर मीटर लावला, तो वाजला आणि लगेच निकाल दिला: ‘साहेब, आतली अख्खी लाइन गेलीय.’ भिंतीत ओल आहे एवढंच तो मीटर सांगतो. पाणी कुठून येतंय, हे त्याला कळत नाही. भिंतीतलं पाणी उतरत उतरत भलत्याच ठिकाणी बाहेर पडतं.

मग त्यांनी काचेचे दोन ग्लास मागितले. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हीत धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र बुडवून प्लग लावला. बघता बघता बोअरचं पाणी तपकिरी झालं, वर फेस आला, तळाला गाळ बसला. आरओचं पाणी होतं तसंच. ‘हे तुमच्या पाइपातलं तांबं,’ असं सांगितल्यावर ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत ते हादरलेच.

हा प्रयोग म्हणजे शुद्ध लबाडी आहे. त्या कांड्या लोखंडाच्या असतात. बोअरच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते, कांडीचं लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून काही होत नाही. तांबं पाण्यात उतरलं तर निळसर-हिरवी झाक येते आणि नळाखाली बेसिनवर त्याच रंगाचे डाग पडतात. आमच्या एकाही घरात असे डाग नव्हते. शंका असेल तर पाणी प्रयोगशाळेत द्यावं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालते.

वर त्यांनी ‘तुमच्याच डक्टमधला’ (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला) म्हणून एक काळवंडलेला, भोकं पडलेला तुकडा दाखवला. तो हाताने वाकत होता. एसीला असते तशी मऊ नळी होती ती. आमची लाइन २२ मिलिमीटरची, कडक पाइपाची. पण कमिटीत तोवर घबराट पसरली होती आणि काम मंजूर झालं.

डक्टमधली सगळी लाइन काढून त्यांनी सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारी प्लास्टिकची लाइन टाकली. ‘भंगार आम्हीच उचलतो, त्याचे वेगळे पैसे नकोत,’ हे वाक्य गोड वाटलं होतं. ०.९ मिलिमीटर जाडीचा २२चा तांब्याचा पाइप मीटरला अर्ध्या किलोहून जास्त भरतो. एवढ्या मजल्यांची लाइन, तीही येता-जाता दोन्ही बाजूंची, म्हणजे किती तांबं गेलं याचा हिशेब कोणीही करावा.

भिंत ओलीच राहिली. फोन केला की ‘सुकायला वेळ लागतो’, नंतर फोन बंद.

शेवटी सातपूरच्या कारखान्यात पूर्वी फिटर असलेल्या एका काकांना आणलं. त्यांनी त्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद केला, नळांच्या तोंडांना प्लग लावले, हातपंपाने प्रेशर चढवलं आणि गेजकडे बघत बसले. काटा हळूहळू उतरायला लागला. मग एकेक भाग वेगळा करत ते बाथरूममधल्या गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळामागच्या भिंतीपाशी पोहोचले. तिथे तांब्याच्या लाइनीला थेट लोखंडी निपल (आटे असलेला छोटा जोडतुकडा) जोडलेला होता, आटे पार खाल्ले गेलेले. तांबं आणि लोखंड पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की तांबं शाबूत राहतं आणि लोखंड झिजतं. मधे पितळी जोड टाकला तर ही झीज बरीच कमी होते. नवी लाइन आणून जोडली होती ती याच सडक्या निपलच्या अलीकडे.

भिंतीत उरलेला तांब्याचा वीतभर तुकडा काकांनी कापून हॅकसॉने उभा चिरला. आत गुळगुळीत, एकसारखा तपकिरी थर, खड्डा एकही नाही. पाइप खरंच सडत असेल तर आत हिरवट फोडासारखे उंचवटे दिसतात आणि ते खरवडले की खाली सुईच्या टोकाएवढं भोक सापडतं. पाणी फार वेगाने फिरत असेल तर बेंडच्या पुढे घोड्याच्या नालेच्या आकाराचे खड्डे पडतात. कुठलाही प्लंबर ‘लाइन गेली’ म्हणाला, तर गळक्या जागेचा तुकडा तुमच्यासमोर कापून, चिरून दाखवायला सांगा आणि तो स्वतःजवळ ठेवा. तपासणी करणारा आणि काम करणारा एकच नको. निघालेलं तांबं सोसायटीसमोर वजन करून सोसायटीनेच विकावं, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

आम्ही बिल, फोटो आणि तो चिरलेला तुकडा घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतोय. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं. तुमच्याकडेही कोणी असाच ग्लासचा प्रयोग करून लाइन काढून नेली असेल, तर पावती शोधून ठेवा आणि तक्रार द्या.