लिस्बन ते पोर्तो: कमी खर्चात दोघांनी कुठे थांबावे?

पोर्तुगालमध्ये लिस्बन ते पोर्तो हे रेल्वेने सव्वातीनशे किलोमीटरहून थोडे जास्त अंतर. थेट गाडी तीन-सव्वातीन तासांत पोचवते. गोव्यातून जाणारी तरुण जोडपी या वाटेवर बहुधा तोमार, कोइंब्रा आणि अवेरो असे तीन थांबे आखतात, प्रत्येक ठिकाणी एकेक रात्र. कागदावर छान दिसते, पण कमी खर्चाच्या प्रवासाला हीच आखणी सगळ्यात महाग पडते. आमचे मत स्पष्ट आहे: कोइंब्रात सलग दोन रात्री राहा, अवेरो पोर्तोला जाताना अर्ध्या दिवसात बघा आणि तोमार लिस्बनला असतानाच सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखे ठेवा.

कारण साधे आहे. स्वस्त खोली सकाळी अकराच्या सुमारास सोडावी लागते आणि पुढची दुपारी तीननंतर मिळते. मधले चार तास बॅगा ओढण्यात किंवा लॉकरचे पैसे भरण्यात जातात. फ्लॅट घेतला तर साफसफाईचे शुल्क रात्रीमागे नसून मुक्कामामागे असते, म्हणजे तीन ठिकाणी तीनदा. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीच्या राहण्याचा पुरावा जोडावा लागतो, तिथेही मुक्काम जितके कमी तितका घोळ कमी. व्हिसाचे शुल्क प्रौढाला ९० युरो आहे आणि प्रवासविम्याचे कवच किमान ३०,००० युरोंचे हवे. या दोन आकड्यांत कुठेच बचत होत नाही, म्हणून ती खोली आणि तिकिटांत करायची.

आता तिकिटांबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सीपी ही पोर्तुगालची सरकारी रेल्वे. तिच्या आल्फा पेंडुलार आणि इंटरसिटी या दोन्ही गाड्यांना आसन आरक्षित लागते आणि तिकीट फक्त त्याच गाडीपुरते चालते. लिस्बन-पोर्तो तिकीट काढून कोइंब्रात उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटावर पुढे जायचे, हे होत नाही. प्रत्येक टप्प्याचे वेगळे तिकीट काढा. लिस्बन ते कोइंब्रा हा टप्पा इंटरसिटीने करा. आल्फा पेंडुलार थोडी लवकर पोचते, पण तेवढ्यासाठी जादा भाडे द्यावे असे त्यात काही नाही. आधी काढल्यास प्रोमो भाडे बरेच उतरते, मात्र प्रोमो तिकिटाचे पैसे परत मिळतील असे धरून चालू नका. म्हणूनच विमान उतरते त्या दिवसाचे प्रोमो तिकीट काढू नये. विमानाला उशीर झाला की तिकीट वाया. वय पंचविशीच्या आत असेल तर तरुणांच्या सवलतीची चौकशी करा आणि पासपोर्ट जवळ बाळगा. निघण्यापूर्वी भारतीय कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यायला विसरू नका, नाहीतर पैसे भरायच्या पायरीवर अडकाल.

गाडी लिस्बनच्या ओरिएन्ते स्थानकावरून पकडणे सोयीचे. विमानतळावरून मेट्रोच्या लाल मार्गावर हे तिसरे स्थानक आहे. मेट्रोचे कार्ड अर्ध्या युरोला मिळते, पण एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, दोन घ्यावी लागतात.

कोइंब्रात गाडी कोइंब्रा-बी स्थानकावर थांबते आणि ते शहराच्या मध्यापासून सुमारे दोन किलोमीटर आहे. जुन्या माहितीत ‘कोइंब्रा-ए स्थानकापर्यंत लोकल पकडा’ असे असते. ते स्थानक जानेवारी २०२५मध्ये बंद झाले, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. बस आहे, नाहीतर बोल्ट (मोबाइल अॅपवरून बोलवायची गाडी) किंवा टॅक्सी. दोघांनी बॅगांसह बोल्ट केली तर बसच्या दोन तिकिटांपेक्षा फार जादा पडत नाही.

खोली खालच्या भागात, म्हणजे बाइशात घ्या. वरची आल्ता फोटोत सुंदर दिसते, पण तिथे बॅगा घेऊन चढ आणि दगडी पायऱ्या, शिवाय रात्री विद्यार्थ्यांचा गलका. हंगाम नसताना लिस्बनला ८०-९० युरोंना मिळते तशी खोली इथे साधारण ५०-६०त मिळते. जाहिरात वाचताना चार गोष्टी तपासा. ‘कामा द काझाल’ म्हणजे एकच मोठा पलंग. ‘दुआश कामाश’ लिहिले असेल तर दोन वेगळ्या खाटा मिळतील. ‘पार्तिल्याद’ म्हणजे न्हाणीघर इतरांबरोबर वाटून घ्यायचे, आणि ‘सें एलेव्हादोर’ म्हणजे लिफ्ट नाही. मजले मोजताना तळमजला धरत नाहीत, त्यामुळे तिसरा मजला म्हणजे तीन जिने. डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर हीटर आहे का हे लेखी विचारून घ्या. जुन्या दगडी घरांत तेव्हा ओलसर गारठा असतो आणि गोव्याच्या हवेला सरावलेल्या माणसाला तो झोपू देत नाही. ‘पोउझादा द जुव्हेन्तूद’ ही युवकांची स्वस्त वसतिगृहे. नुसते ‘पोउझादा’ दिसले तर ते किल्ल्या-मठांतले महागडे हॉटेल असू शकते. लग्नाचा दाखला कुठे मागत नाहीत, पासपोर्ट मात्र दोघांचेही नोंदवून घेतात. मे महिन्यात विद्यार्थ्यांचा ‘केइमा दश फिताश’ उत्सव असतो. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, तारखा बदलणेच बरे.

दोन रात्री कशासाठी, तर विद्यापीठासाठी. १२९०ची ही संस्था २०१३पासून जागतिक वारसा यादीत आहे. सालाझार सत्तेत येण्यापूर्वी इथेच प्राध्यापक होता. ज्या राजवटीतून गोवा १९६१मध्ये सुटला तिचा कर्ता इथे घडला, हे मनात ठेवून त्या अंगणात उभे राहणे गोवेकराला वेगळेच वाटते. विद्यापीठाच्या जोआनिना ग्रंथालयाच्या तिकिटावर वेळ छापलेली असते. ती चुकली तर आत घेतीलच असे नाही, म्हणून आधी वेळ घ्या आणि दहा मिनिटे आधी पोचा. वरच्या दालनात फार थोडा वेळ मिळतो आणि तिथे फोटो काढता येत नाहीत. पुस्तके खाणारे किडे वटवाघळे खातात, म्हणून त्यांना तिथे राहू देतात आणि त्यांची विष्ठा पडू नये म्हणून रात्री टेबलांवर चामडे पसरतात. चढ टाळायचा असेल तर भाजी मंडईशेजारच्या लिफ्टने वर जा आणि उतरताना केब्रा कोश्ताशच्या पायऱ्यांनी या. वनस्पती उद्यान आणि मोंदेगू नदीवरचा पेद्रो-इनेस पादचारी पूल, दोन्ही फुकट.

जेवण दुपारचे मोठे ठेवा. ‘प्रातु दु दिया’ म्हणजे त्या दिवसाची थाळी, साधारण ८ ते १२ युरोंत, आणि संध्याकाळच्या मानाने खूपच स्वस्त. पाव, ऑलिव्ह, चीज न मागता टेबलावर येतात. खाल्ले तर बिलात लागतात, नको असेल तर लगेच परत पाठवा. ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी प्लेट, पण कित्येकदा ती एका माणसाला भरपूर होते. शाकाहारी असाल तर काल्दू व्हेर्दपासून सावध: पालेभाजीच्या त्या सुपात चोरिसाचा तुकडा असतो. भाज्यांचे सूप विचारून घ्या. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे. पैसे मल्टिबँकोच्या एटीएम यंत्रातून काढा आणि यंत्राने रुपयांत रूपांतर सुचवले तर नाही म्हणा, कारण तो दर नेहमी वाईट असतो.

अवेरोला रिजनल गाडीने जा. सुमारे तासभर लागतो, आरक्षण लागत नाही, भाडे कमी. रंगीत मोलिसेइरु होड्यांची फेरी पाऊण तासाची, ती एकदा करायला हरकत नाही. मूळच्या या होड्या खाडीतले शेवाळ गोळा करायच्या. आमच्या मते त्याहून सरस आहेत तिथली मिठागरे. रायबंदरची किंवा आगरवाड्याची मिठागरे पाहिलेल्याला तिथले वाफे आणि मिठाच्या राशी समजावून सांगाव्या लागणार नाहीत. ‘ओव्हुश मोलश’ ही अंड्याच्या पिवळ्या बलकाची मिठाई खूप गोड असते, दोघांत दोन नग पुरे. रात्र इथे काढू नका.

अवेरोहून पोर्तोची उपनगरी गाडी थेट साव बेंतू स्थानकाला, शहराच्या मध्यावर जाते. आरक्षण नाही, वेळ तास-सव्वातास, भाडे चार युरोंच्या आसपास. लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र पोर्तोच्या कांपान्या या दुसऱ्या स्थानकालाच संपतात. पोर्तोत माणशी रात्रीला ३ युरो आणि लिस्बनमध्ये ४ युरो पर्यटन कर खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त लागतो.

तोमारचा ख्रिस्ताच्या धर्मसंघाचा मठ अप्रतिम आहे, पण गाव मुख्य मार्गापासून फुटलेल्या फाट्यावर आहे. तिथून कोइंब्राला जायचे तर गाडी बदलावी लागते. लिस्बनहून थेट रिजनल गाडी दोन तासांत पोचवते.

या रेल्वेसेवेचा मोठा दोष म्हणजे संप. सीपीचे संप वारंवार होतात, बहुतेक आधी जाहीर करून. निघण्याच्या आठवडाभर आधी ‘ग्रेव्ह’ (greve, म्हणजे संप) हा शब्द टाकून सीपीचे संकेतस्थळ बघा. गाडी रद्द झाली तर रेडे एक्स्प्रेसोस किंवा फ्लिक्सबसची बस पकडा. लिस्बन-पोर्तोला साडेतीन तास लागतात आणि तिकीट बहुधा रेल्वेहून स्वस्त असते. मात्र संपाच्या दिवशी सगळेच बसकडे धावतात, म्हणून संप जाहीर झाल्या झाल्या बसची जागा राखून ठेवा.