पाच फॅन, नऊ महिने आणि एक घूंऽऽ

काल कुरिअरने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा एक फॅन आला. फुकट, पण सहा आठवडे भांडून. डबा समोर ठेवूनच हे लिहितोय, त्यामुळे सूर जरा चढा लागला तर समजून घ्या.

बिल्ड (सुटे भाग घेऊन जोडलेलं मशीन) साधंच आहे. पुढून जाळीचं कॅबिनेट, ६५ वॅटचा प्रोसेसर, त्यावर टॉवर कूलर आणि दोनशे वॅटच्या आसपास खाणारं ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेटसोबत मागच्या बाजूला १२० मिलिमीटरचा एक फॅन लावूनच आला होता. एकट्यावर भागणार नाही म्हणून चार पिनांच्या पाच फॅनचा पॅक घेतला. पाचच का, तर पॅकमध्ये नग स्वस्त पडतो. तीन पुढे लावले हवा आत घ्यायला, दोन वर बाहेर फेकायला. वरचा एक पहिला आठवडाभर उलटा फिरत होता. फ्रेमच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे मला पाठ होतं. तरी उलटा बसवला. असो.

आता मुख्य तक्रार. घूं.

पुढचे तीन फॅन ९०० आरपीएमवर (मिनिटाला ९०० फेरे) असतात तेव्हा ते आहेत हे विसरायला होतं. १२५० वर वाऱ्याचा आवाज येतो, पण तो वाऱ्यासारखाच. मधल्या पट्ट्यात मात्र, साधारण १०५० ते ११५०, ते घुमतात. शेजारच्या खोलीत कुणीतरी तोंड मिटून एकच सूर धरून बसलाय असं वाटतं. आवाज मोठा नाही. घरात इतर कुणाला ऐकूच येत नाही, निदान तसं सांगतात. मला मात्र एकदा ऐकू आला तो आलाच. आणि गंमत म्हणजे साधं काम करताना फॅन नेमके याच पट्ट्यात येऊन बसायचे.

एका रात्री कॅबिनेटची बाजू उघडून एकेक फॅन बोटाने अडवून पाहिला. (मधल्या गोल चकतीवर बोट अलगद टेकवलं की थांबतो, पात्यांत बोट घालू नका.) एकटा फॅन फारच कमी घुमतो. दोन सुरू झाले की घुमणं वर-खाली हेलकावे खायला लागतं, घूं-ऊं-घूं-ऊं. मग डोक्यात प्रकाश पडला. माझ्या फॅनला नऊ पाती आहेत. ११०० आरपीएम म्हणजे सेकंदाला सव्वाअठरा-साडेअठरा फेरे, गुणिले नऊ, म्हणजे १६५ हर्ट्झचा सूर. शेजारचा फॅन १० आरपीएमने मागेपुढे असला तरी दोन सुरांत दीड हर्ट्झचा फरक पडतो आणि सेकंदाला दीड हेलकावा कानाला लागतो. तिन्ही एकाच स्प्लिटरवर (एका वायरीच्या तीन करणारा फाटा), तिन्हींना हुकूम एकच, पण प्रत्येकाचा खरा वेग थोडा वेगळा. वर स्प्लिटरमधून मदरबोर्डला एकाच फॅनचा वेग कळतो, त्यामुळे स्क्रीनवर आकडा एकच दिसतो आणि आपण म्हणतो, सगळं जुळलंय.

यावर मी महिनाभर घालवला. रबरी खिळे लावले, स्क्रू सैल केले, परत आवळले, कॅबिनेटखाली जुनी माउसपॅड सरकवली. रबराने थोडा फरक पडला. माउसपॅडने काही नाही.

शेवटी इलाज सापडला तो बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये). दोन गोष्टी केल्या. एक, कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले होते, ते सोडवून मदरबोर्डच्या सेन्सरला बांधले. ब्राउझरमध्ये जड पान उघडलं की प्रोसेसर क्षणात ४५ वरून ६५ अंशांवर उडी मारतो आणि लगेच खाली येतो. त्याच्यामागे कॅबिनेटच्या फॅननी धावायचं काही कारण नाही. दुसरं, कर्व्हला, म्हणजे किती तापमानाला किती वेग या आलेखाला, पायरी दिली: ठरावीक अंशांपर्यंत सपाट ९००, त्यापुढे थेट १२५०. मधला पट्टाच उडवला. आता खेळ सुरू केला की थोड्या वेळाने दोन सेकंद घूं येतं आणि जातं. इतकं चालतं.

इथवरचा मजकूर मी सातव्या महिन्यातच लिहून ठेवला होता आणि शेवटी ठोकून दिलं होतं की हे फॅन आवाज करतात, घेऊ नका. घूं सोडून एक सतत सूंऽ सुद्धा होती, मशीन नुसतं सुरू असलं तरी. तीही या पाचांच्याच नावावर टाकली होती. ते आता मागे घेतो.

झालं असं की कॅबिनेटसोबत आलेला मागचा फॅन करकरायला लागला. आधी सकाळी चालू केल्यावर पाच मिनिटं, मग दिवसभर. त्याची वायर काढली आणि करकर थांबली ती थांबलीच, सूं सुद्धा गेली! तो तीन पिनांचा फॅन. त्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरतो. मी तो लावला होता पीडब्ल्यूएमवर (चार पिनांच्या फॅनसाठीच्या मोडवर) ठेवलेल्या हेडरला, म्हणजे मदरबोर्डवरच्या फॅन जोडायच्या पिनांना, आणि त्या मोडमध्ये हेडर अखंड १२ व्होल्ट देत राहतो. वेगाचा हुकूम चौथ्या पिनेतून जातो, जी या फॅनला नाहीच. म्हणजे बिचारा साडेसात महिने रात्रंदिवस पूर्ण वेगाने फिरत होता. बायोसच्या ज्या पानावर मी घूंचा कर्व्ह कोरत बसायचो, त्याच पानावर खाली त्याचा १३२० हा आकडा ढिम्म उभा होता. हेडर डीसी मोडवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या) टाकायचा, एका क्लिकचं काम. नजरच गेली नाही.

करकर बहुधा बेअरिंगची. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधलं वंगण आटत जातं, आणि मी तर त्याला विसावाच दिला नाही. तरी वॉरंटी होती, म्हणून कॅबिनेटच्या कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर: फॅन फिरतो आहे, तेव्हा दोष नाही. आवाजाचा व्हिडिओ पाठवला. दुसरं उत्तर: संपूर्ण कॅबिनेट मूळ खोक्यात घालून पाठवा. एका फॅनसाठी! चार स्क्रू आणि एक वायर. मी विचारलं की काचेचा दरवाजा वाटेत फुटला तर कोण भरून देणार. यावर दोन आठवडे शांतता. मग दर सोमवारी तोच मेल तोच व्हिडिओ जोडून पाठवत राहिलो. माझ्याकडे वेळ होता आणि नवा फॅन विकत घ्यायची इच्छा नव्हती.

तोवर मागची जागा रिकामी कशी ठेवायची म्हणून वरच्या दोनांपैकी पुढचा काढून मागे लावला. वाटलं, एक फॅन कमी, दोन-तीन अंश चढतील. उलट प्रोसेसर दोन अंशांनी उतरला. वरचा पुढचा फॅन समोरून आलेली गार हवा कूलरपर्यंत पोचायच्या आधीच वरच्या वर बाहेर फेकत होता. तीन आत, दोन बाहेर, आणि ते दोन मागच्या कोपऱ्यात: माझ्या कॅबिनेटला एवढं पुरतं. सहावा फॅन नुसता हौसेचा होता.

बाकी थोडक्यात. आत येणारी हवा जास्त ठेवली की आतला दाब किंचित वाढतो आणि फटींतून धूळ ओढली जात नाही, हे पटलं; धूळ जवळपास सगळी पुढच्या फिल्टरवर बसते. चौथ्या महिन्यात फिल्टर काढला तर त्यावर राखाडी घोंगडी होती. धुऊन लावल्यावर ग्राफिक्स कार्ड पाच अंशांनी खाली. ब्लोअर मारताना फॅन धरून ठेवा, नाहीतर तो नको इतक्या वेगाने भिरभिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

निवडताना सीएफएमचे (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडे बघत बसू नका. ते कमाल वेगाचे आणि मोकळ्या हवेतले असतात, पुढे जाळी आणि फिल्टर आला की चित्र बदलतं. मी आता सर्वांत कमी वेग किती ते आधी बघेन. वेग एक पंचमांशाने उतरवला की हवा तेवढीच घटते, पण आवाज साधारण ५ डेसिबलने खाली येतो. उलट तसाच दुसरा फॅन जोडला तर वाढतात जेमतेम ३. त्यामुळे एक पळवण्यापेक्षा दोन रमवलेले बरे. एका हेडरवर सहसा १ अँपियरची मर्यादा असते. माझे तीन मिळून त्याच्या निम्म्यातच बसतात.

तर काल आलेला फॅन. नवा, सीलबंद, पुन्हा तीन पिनांचाच. वरची जागा मोकळी आहे, पण ती मोकळी झाल्यावरच तापमान उतरलं होतं. फुकट आलेली वस्तू डब्यात पडून राहणं मला जड जातंय. आज रात्री टेबलावरच जोडून, हेडर डीसीवर टाकून, ७०० पासून पन्नास-पन्नासने वर नेऊन बघतो. याचा घूं कुठल्या आकड्यावर आहे ते तरी कळेल.